साहेबांच्या पडद्यावरचा बाण

एकची सुट्टी झाली की नकाशा कार्यालयातली माणसं हल्ली डबे उघडत नव्हती. ती साहेबांच्या केबिनकडे धावत होती. चार खुर्च्यांची ती केबिन. तिच्यात तीसेक माणसं खांद्याला खांदा लावून उभी, उरलेली दारात टाचा उंचावून, आणि सगळ्यांचे डोळे साहेबांच्या टेबलावरच्या मॉनिटरवर. साहेबांचा कॉम्प्युटर बंद होता. तरी पडद्यावर एका म्हातारीचा फोटो होता, आणि त्या फोटोवरून एक छोटा पांढरा बाण आपला आपण फिरत होता. माउसला कोणाचा हात नाही, कीबोर्डजवळ कोणी नाही. बाण म्हातारीच्या कपाळापाशी गेला, थांबला, आणि हळूहळू उतरत तिच्या पायांपाशी आला. केबिनभर एकदम सुस्कारा सुटला.

फोटोतली म्हातारी पुढेच उभी होती, हात जोडून. तिच्या मागे तिची सून. सुनेला तिथे सगळे वहिनी म्हणत, कारण तिच्या नवऱ्याने याच कार्यालयात सतरा वर्षं नकाशे काढले होते आणि तो सगळ्यांचाच दोस्त होता. आठ महिन्यांपूर्वी कामावरून घरी येताना त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखाना गाठायच्या आत सगळं संपलं. चार महिन्यांपूर्वी त्याच्या जागेवर वहिनीला घेतलं, तेही सहा महिने काम बघून मग कायम करू या बोलीवर. घरात सासूबाई, शाळेत जाणारी दोन मुलं आणि ती. कमावणारे हात तेवढे तिचे.

पडद्याशेजारी तरंगबाबा उभा होता. पांढरा झगा, गळ्यात चुंबकांची माळ, आणि बोलणं असं की अर्धं विज्ञानाच्या पुस्तकातून फाडलेलं आणि अर्धं कुठूनच नाही.

“आत्मा म्हणजे तरंग,” तो म्हणाला, “आणि हा पडदा म्हणजेही तरंग. तरंग तरंगाला ओळखतो. तुमच्या शास्त्रज्ञांना हे आत्ता कुठे कळायला लागलं आहे, आम्हाला कधीचं ठाऊक आहे.”

साहेबांनी मान डोलावली. साहेब इंजिनिअर होते. भिंतीवर त्यांच्या दोन पदव्या चौकटीत टांगलेल्या होत्या, आणि त्या पदव्यांखाली उभं राहून ते एका बंद कॉम्प्युटरच्या पडद्यापुढे हात जोडत होते. वहिनीला बाबापेक्षा त्या जोडलेल्या हातांचीच जास्त शिसारी आली.

हे सगळं सुरू झालं महिन्यापूर्वी. साहेब जेवायला गेलेले असताना शिपाई पाण्याचा जग ठेवायला आत गेला, तर पडद्यावर म्हातारीचा फोटो आणि फिरता बाण. फोटो कोणाचा हे त्याने लगेच ओळखलं, कारण गेलेल्या माणसाच्या घरी तो अनेकदा जेवून आला होता. तो जग तिथेच टाकून पळाला. संध्याकाळपर्यंत कार्यालयभर झालं की गेलेला माणूस परत आलाय आणि आईला शोधतोय. दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कने तरंगबाबाला आणलं. बाबा हेडक्लार्कच्या ओळखीचा होता. हेडक्लार्कचा मेहुणा दीड वर्षापासून घरी बसून होता, आणि नकाशे काढायला शिकलेला होता, ही गोष्टसुद्धा सगळ्यांना माहीत होती. पण या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघायचे कष्ट कोणी घेतले नाहीत.

बाबाचं निदान झटपट झालं. आत्मा अडकलाय. त्याच्या खुर्चीवर त्याच्याच घरची बाई रोज बसते, त्याचंच यंत्र हाताळते, म्हणून त्याला जाता येत नाही. सुनेने खुर्ची सोडली की तो मोकळा होईल. तोवर रोज दुपारी बाबाचा शिष्य नकाशाखोलीत जाऊन त्या खुर्चीची शुद्धी करणार. शुद्धी चालू असताना दार बंद, आत कोणी डोकावायचं नाही. डोकावलं तर तरंग फाटतात.

तरंग फाटतात. हे ऐकून एकही माणूस हसला नाही.

खरं सांगायचं तर पहिले काही दिवस वहिनीसुद्धा हसली नव्हती. सासूबाईंचा तो फोटो तिच्या ओळखीचा होता. तो तिच्या नवऱ्यानेच काढलेला, मागल्या वर्षी, गच्चीवर. तो साहेबांच्या पडद्यावर कसा आला याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. शिवाय आठ महिने ज्या माणसाची चप्पल दाराशी तशीच ठेवलेली आहे, तो कुठेतरी आहे असं कोणी सांगितलं तर मन लगेच नाही म्हणत नाही. तिचंही म्हणालं नाही. त्याबद्दल तिला पुढे स्वतःचाच राग आला.

त्या दुपारी बाबाने नवीन प्रयोग मांडला. डोळे मिटून, हात पडद्यावरून फिरवत तो म्हणाला, “बाळा, तुझ्या हाताची एखादी खूण दाखव. आईची खात्री पटू दे.”

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग फोटोवर एक नकाशा उघडला. शेतं, पायवाटा, एक ओढा. सगळे पुढे सरकले. हेडक्लार्कने डोळ्यांना रुमाल लावला. तो म्हणाला की हा त्याचाच हात, असा नकाशा काढणारा माणूस पुन्हा होणे नाही. साहेब म्हणाले की रेषा कशी जिवंत आहे बघा. सासूबाई रडायला लागल्या.

वहिनीने नकाशा बघितला आणि ती वाकून पुढे झाली.

ओढ्याची रेघ सरळ एका विहिरीतून आरपार गेली होती. असा गाढवपणा तिच्या नवऱ्याने सतरा वर्षांत एकदाही केला नसता. तो तिने केला होता, काल सकाळी दहा वाजता. दुरुस्त करायला गेली तर नकाशाच पडद्यावरून सटकला. उजवीकडच्या कडेतून बाहेर गेला तो गेलाच. असं तिचं नेहमी व्हायचं. बाण उजव्या कडेला गेला की दिसेनासा व्हायचा, मग माउस डावीकडे ओढत बसायचं, की यायचा परत. एखादी चौकट उघडली तरी दिसायचीच नाही. आपल्याला काम येत नाही म्हणून असं होतं, असं समजून तिने कोणाला विचारलं नव्हतं. परीक्षेवर असलेलं माणूस शंका विचारायला घाबरतं.

म्हणजे काल तिच्या टेबलावरून नाहीसं झालेलं काम आज साहेबांच्या पडद्यावर आलं होतं, आणि तिच्या चुकीच्या रेघेला हे लोक मेलेल्या माणसाची कला म्हणून हात जोडत होते. त्या क्षणापासून तिची भीती गेली आणि मनात उरली ती निव्वळ किळस.

माणसं पांगल्यावर हेडक्लार्कने तिला बाजूला घेतलं. राजीनामा टाइप करून तयार होता. उद्या दुपारी सगळ्यांसमोर सही करायची, म्हणजे त्याच घटकेला आत्मा सुटेल. आवाजात इतका मध होता की तिला हात धुवावेसे वाटले.

घरी सासूबाईंनी ताटाला हात लावला नाही. मुलं आतल्या खोलीत गेल्यावर त्या म्हणाल्या, “माझ्या लेकराला सोड गं. नोकरी काय, दुसरी मिळेल. मी धुणीभांडी करीन कोणाची.”

वहिनीकडे तेव्हा सांगण्यासारखं पक्कं काही नव्हतं. तिने एवढंच म्हटलं की उद्या दुपारपर्यंत थांबा, आई. त्र्याहत्तर वर्षांच्या बाईला धुणीभांडी करायची भाषा बोलायला लावणाऱ्या माणसाला आत्म्याची काळजी असेल, यावर तिचा आता काडीचा विश्वास उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती नऊलाच कार्यालयात पोचली. झाडलोट करणाऱ्या शिपायाखेरीज कोणी नव्हतं. तिने कॉम्प्युटर चालू केला आणि सेटिंगमध्ये पडद्याचं पान शोधून काढलं. ते तिने याआधी कधी उघडलंच नव्हतं. त्यावर दोन चौकोन होते. डावीकडच्यात एक हा आकडा, उजवीकडच्यात दोन. तिच्यासमोर मॉनिटर एकच होता, पण कॉम्प्युटरच्या हिशेबी दोन होते आणि दोन्ही मिळून एकच लांब पडदा होता. तेव्हा तिला आठवलं. नवरा घरी सांगायचा की आमचं काम दोन पडद्यांवर चालतं. डावीकडे जुना नकाशा, उजवीकडे नवा. टेबलावर उजवीकडे रंग न उडालेला एक चौकोनी डाग होता. तिथे दुसरा मॉनिटर असायचा.

ती टेबलाखाली वाकली. कॉम्प्युटरमधून दोन केबली निघत होत्या. एक तिच्या मॉनिटरकडे आली. दुसरी प्लायवूडच्या पार्टिशनला पाडलेल्या भोकातून पलीकडे गेली होती, आणि भोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबला होता. पार्टिशनच्या पलीकडे साहेबांची केबिन.

सेटिंगच्या पानावर पडदा ओळखण्याचं बटण होतं. ते तिने दाबलं. पाठोपाठ शिपायाच्या हातातला झाडू पडल्याचा आवाज आला. “वहिनी,” तो केबिनमधून ओरडला, “पडद्यावर दोन आकडा आलाय, हा एवढा मोठा.”

ती केबिनमध्ये गेली. मॉनिटरच्या मागे दोन केबली लागलेल्या होत्या, एक साहेबांच्या कॉम्प्युटरची, एक तिच्या. साहेबांचा कॉम्प्युटर चालू असेल तर मॉनिटर त्याचं चित्र दाखवायचा. तो बंद झाला किंवा जेवणाच्या वेळी झोपी गेला की मॉनिटर आपणहून दुसरी केबल चाचपायचा, आणि तिथे तिच्या टेबलाची उजवी बाजू हजर असायची. नवऱ्याने उजव्या पडद्यावर मागे आईचा फोटो लावून ठेवला होता, तो तसाच होता. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा मागे पडलेलं काम उपसत बसणाऱ्या वहिनीचा हरवलेला बाण त्या फोटोवर भटकायचा. शिपायाने पहिल्या दिवशी पाहिलेलं ते भूत म्हणजे ती स्वतः होती.

तिने शिपायाला विचारलं की हा मॉनिटर इथे कधी आला. त्याने सामानाची नोंदवही आणून दिली. साहेबांना मोठा पडदा हवा होता, म्हणून नवरा गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात टेबल क्रमांक चारचा, म्हणजे त्याच्याच टेबलाचा, उजवा मॉनिटर केबिनमध्ये ‘तात्पुरता’ हलवला होता. पण केबल टेबल क्रमांक चारच्या नावावर नोंदलेली. ती काढायची तर वेगळा अर्ज, दोन सह्या, वरून मंजुरी. तेव्हा नोंद अशी होती की केबल न काढता पार्टिशनला भोक पाडून पलीकडे न्यावी. खाली हेडक्लार्कची सही. कागद शाबूत राहावा म्हणून भिंत फोडायची ही अक्कल फक्त त्याच कार्यालयात होऊ शकते.

“भोक कोणी पाडलं?” तिने विचारलं.

“मॉनिटर दुरुस्त करायला यायचा ना, तो. आता बाबांचा शिष्य झालाय. दाढी वाढवलीय एवढंच.”

“हे तुम्ही कोणाला बोलला नाहीत?”

“कोणी विचारलं नाही,” शिपाई म्हणाला, आणि पुन्हा झाडायला लागला.

दुपारी केबिनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेरची माणसंही आली होती. शेजारच्या कार्यालयातली, रस्त्यावरची, आणि आपापले मेलेले बरोबर घेऊन आलेली. एक बाई बहिणीचा मोबाइल घेऊन आली होती, त्यात बहीण बोलेल का ते विचारायला. हेडक्लार्कने टेबलावर राजीनामा ठेवला, वर पेन ठेवलं. बाबाने तरंगांचं प्रवचन केलं. पडद्यावर फोटो आला, बाण आला.

वहिनी म्हणाली, “सही करते, पण कागदावर नाही. ज्यांना मोकळं करायचं त्यांना मी थेट लिहून देते. माझ्या टेबलावरून.”

बाबाने हात वर केला. शुद्धी चालू आहे, दार उघडलं तर आत्म्याला इजा होईल, असं तो म्हणाला. ती तोवर केबिनच्या बाहेर पडली होती. नकाशाखोलीचं दार तिने ढकललं आणि उघडंच ठेवलं. शिष्य तिच्या खुर्चीवर बसला होता. अंगावर पांढरी शाल, उजवा हात शालीखाली, आणि शालीखाली माउस. पार्टिशनला कान लावून तो बाबाचं बोलणं ऐकत होता.

“उठा,” ती म्हणाली. तो उठला. अशी माणसं जोरात बोलणाऱ्यापुढे उभी राहतात. हळू बोलणाऱ्यापुढे त्यांचं काही चालत नाही.

तिने एक कोरी चौकट उघडली, अक्षरं मोठी केली, पाच ओळी लिहिल्या आणि चौकट उजवीकडे ओढून पडद्याच्या कडेतून पलीकडे सोडली. प्लायवूडमधून सगळं ऐकू येत होतं. आधी गलबला. मग बाबाचा आवाज, भरून आलेला. न वाचताच त्याने ते शिष्याचं काम समजलं असणार. “बघा, आज तो अक्षरांत बोलतोय. एवढी साधना मी केली, पण असं आजवर घडलं नव्हतं. हात जोडा. साहेब, तुम्ही वाचा.”

साहेबांनी खाकरून वाचायला सुरुवात केली. “मी टेबल क्रमांक चारवरून लिहिते आहे. पार्टिशनच्या या बाजूला बसून. मी जिवंत आहे.” इथे साहेब थांबले. पुढच्या दोन ओळी त्यांनी अगदी हळू वाचल्या. “दार उघडं आहे, येऊन बघा. राजीनामा मी देणार नाही.”

मग माणसं इकडे यायला लागली. तिने प्रत्येकाला दाखवलं. बाण उजवीकडे ढकलला की इथून गेला, तिथे उगवला. टेबलाखालची केबल दाखवली, भोक दाखवलं, बोळा काढून दाखवला. नोंदवही उघडून सही दाखवली. शिष्याकडे बोट करून शिपाई म्हणाला की हाच तो मॉनिटरवाला, आणि आता मात्र सगळ्यांना तो आठवला. तसा दर दोन महिन्यांनी तो प्रत्येकाच्या टेबलाशी येऊन जायचा.

बाबा इतक्यात हार मानणार नव्हता. तो दारात येऊन म्हणाला की आत्म्यानेच सुनेचा हात धरून हे लिहवून घेतलं आहे. वहिनीने माउसवरचा हात काढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. “मग आता बोलवा,” ती म्हणाली. “इथे कोणी माउसला शिवणार नाही. आई, तुम्ही तिकडे पडद्यासमोर थांबा.”

सासूबाई केबिनमध्ये एकट्या उभ्या राहिल्या. बाबाने माळ चाचपली, तरंग म्हणाला, बाळा म्हणाला. बाण जिथे होता तिथेच राहिला. सासूबाईंनी पाच मिनिटं वाट बघितली असेल. मग त्या बाबाकडे वळल्या. “बोलाव ना,” त्या म्हणाल्या. “रोज बोलवत होतास.” महिनाभर त्या त्याला अहो-जाहो करत होत्या.

इतक्या संशयी माणसांत तरंग टिकत नाहीत असं म्हणत बाबा निघाला. शिष्य शाल विसरून त्याच्या मागे गेला. वाट अडवायला कोणी पुढे झालं नाही, कारण अडवणाऱ्याला आपण महिनाभर काय करत होतो हेही सांगावं लागलं असतं. साहेब म्हणाले की मला पहिल्यापासून शंका होतीच. हेडक्लार्क म्हणाला की माझीही फसवणूक झाली, आणि टेबलावरचा राजीनामा उचलून घडी घालायला लागला. वहिनीने तो त्याच्या हातातून घेतला.

साहेबांनी तिला समजावून पाहिलं की झालं ते झालं, आता बाहेर बोभाटा नको, तुमची नेमणूक आजच कायम करतो. तिला हेही ऐकवलं नाही. नेमणूक कामावरून करा, ती म्हणाली, गप्प बसण्यावरून नको. आणि माझा दुसरा मॉनिटर मला परत द्या, एका पडद्यावर हे काम होत नाही. मग तिने त्या राजीनाम्याच्या कोऱ्या बाजूवर सगळी हकीकत लिहिली: कुठली केबल, कुठलं भोक, कोणाची सही, कोण शिष्य. शेवटी लिहिलं की पडदा जे दाखवतो ते त्याच्याकडे कुठून तरी येतं. ते कुठून येतं हे विचारायला पदवी लागत नाही, आणि विचारू नका असं जो सांगतो त्याच्यावर पहिला संशय घ्या. तो कागद तिने जिन्याजवळच्या सूचनाफलकावर लावला. मेहुण्यासाठी तिची खुर्ची रिकामी व्हायची वाट बघणाऱ्या हेडक्लार्कला रोज त्याच जिन्याने चढावं लागत होतं.

सासूबाई नकाशाखोलीत येऊन तिच्या शेजारी बसल्या. संध्याकाळपर्यंत त्या तिचा फिरता बाण बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “तो नव्हताच का गं?”

“नव्हता, आई. फोटो तेवढा त्यांचा. तो त्यांनी जिवंतपणी लावला होता, स्वतःच्या हाताने. दिवसभर काम करताना तुम्ही समोर दिसाव्यात म्हणून.”

सासूबाईंनी डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. “आणि मी तुला जा म्हणत होते,” त्या म्हणाल्या. वहिनीने कॉम्प्युटर बंद केला आणि दोघी घरी निघाल्या.

आठवड्याने ती मोबाइलवाली बाई घर शोधत आली. बाबा दुसऱ्या गल्लीत बसायला लागला होता, आता आरशातून बोलवत होता, आणि जाऊ की नको हे तिला ठरवता येत नव्हतं. वहिनी कामावर होती. सासूबाईंनी तिला आत बोलावलं, पाणी दिलं, बहिणीचं सगळं ऐकून घेतलं.

“जा,” त्या म्हणाल्या. “पण त्याला म्हण, आधी सगळी दारं उघड, तुझी माणसं बाहेर काढ, मग बोलव. आणि तरी बहीण बोलली, तर मला न्यायला ये.” सासूबाईंनी तिचा हात हातात घेतला. “बोलणार नाही ती, बाळ. मी महिनाभर हात जोडून उभी होते, म्हणून सांगते.”